पांढरा जिल्हा

आरोग्य खात्याच्या आकडेवारी कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या उजव्या हाताला बोगद्यासारखी एक लांब खोली होती. तिथे नकाशेबाई बसत. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं; शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना नकाशेबाईच म्हणत. काम एकच, तीस वर्षं केलेलं. जिल्ह्याजिल्ह्यांतून रोगांचे मासिक तक्ते यायचे, त्यांची बेरीज व्हायची आणि त्या आकड्यांवरून बाई देशाचा नकाशा रंगवायच्या. एका रोगाला एक नकाशा. रोग जितका जास्त तितका रंग दाट. कचेरीत कॉम्प्युटर आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बाईंची सद्दी संपली. पण तो तक्ते छापतानाच धापा टाकायचा, आणि भिंतीवरचा मोठा नकाशा शेवटी बाईंच्याच हातून उतरायचा. मग छापखान्यात त्याच्या प्रती निघत आणि त्या देशातल्या सगळ्या सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवर जाऊन बसत.

बाईंनी देश फारसा पाहिलेला नव्हता. पण कुठे काय आहे ते त्यांना स्वयंपाकघरातल्या फडताळासारखं पाठ होतं. जंगलाच्या पायथ्याला मलेरिया. समुद्राकाठच्या तुंबलेल्या गटारांच्या शहरांत हत्तीरोग. मळ्यांत अनवाणी राबणाऱ्यांच्या पोटात अंकुशकृमी. पायऱ्या उतरून पाणी भरायच्या विहिरींच्या मुलखात एके काळी नारू होता, तो गेला. त्या नकाशावरचा शेवटचा ठिपका ज्या दिवशी काढून टाकला, त्या दिवशी बाईंनी अख्ख्या खोलीला चहा पाजला होता. नवा माणूस भेटला आणि त्याने गाव सांगितलं, की बाईंच्या मनात आधी तिथला रोग यायचा, मग माणूस.

"ताई, तुझ्याकडे पाहुणा आणायची सोय नाही," त्यांचा धाकटा भाऊ म्हणायचा. "तो बिचारा पाणी मागतो आणि तू त्याच्या पोटात कुठले जंत असतील ते बघत बसतेस. देशभरचे रोग तोंडपाठ, आणि घरात मीठ कुठल्या डब्यात ते विचारा हिला!"

हा धाकटा म्हणजे बाईंचं सगळं घर. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि बाई एकवीसच्या. वडील त्याआधीच गेलेले. बाईंनी त्याला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत घातलं, नापास झाला तेव्हा बडवलं आणि नंतर त्याच्याहून जास्त रडल्या. लग्नाचं कोणी काढलं तर म्हणत, "एक पोर पदरात आहे, तेवढं पुरे." ते पोर आता एकोणचाळीसचं झालं होतं आणि रस्तेबांधणीच्या कामावर रोडरोलर चालवत होतं. "जगातलं सगळ्यात मंद वाहन माझ्या नशिबी आलं," तो सांगायचा, "म्हणून तर माझी बायको अजून वाटेतच आहे."

वर्षभरापूर्वी त्याला नदीकाठच्या जिल्ह्यात पाठवलं. बांधाच्या कडेने नवा रस्ता होत होता. मुक्कामाला तंबू होते, पण ते गळायचे, म्हणून तो एका म्हातारीच्या मातीच्या घरात पडवीला झोपायचा. तिला तो मावशी म्हणे. घराच्या भिंतींना भेगा, भिंतीपलीकडे गुरांचा गोठा. सुट्टीवर आला तेव्हा त्याने विचारलं, "ताई, आमचा जिल्हा तुझ्या नकाशात कुठल्या रंगाचा?"

"हत्तीरोग नाही. मलेरिया फिका पिवळा," बाई म्हणाल्या. "काळा आजार एके काळी होता. आता सहा वर्षं पांढरा."

"बघ! धुतल्या तांदळासारखा आहे आमचा जिल्हा. उगाच लोक नावं ठेवतात."

बाई हसल्या. त्या हसल्या, हे त्यांना पुढे फार छळणार होतं.

आता हा पांढरा रंग काय होता ते सांगायला हवं. बाई नोकरीला लागल्या त्या पहिल्याच आठवड्यात थोरल्या कारकुनांनी त्यांना कामाचा मंत्र दिला होता. "रकाना रिकामा म्हणजे शून्य. रोग असता तर बोंब आली असती. बोंब नाही, रोग नाही." बाई तेव्हा तरुण होत्या आणि तरुण माणसाला असतो तेवढा शहाणपणा त्यांना होता. एका वर्षी, जिथून कागदच आला नाही अशा जिल्ह्यांवर त्यांनी पांढरं न सोडता बारीक तिरप्या रेषा मारल्या. तेव्हाचे साहेब चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. "हे ओरखडे कसले? वरून विचारलं तर काय सांगू, आम्हाला माहीत नाही म्हणून?" बाईंनी ब्लेडने खरवडून रेषा काढल्या. पुन्हा कधी मारल्या नाहीत. तीस वर्षांत माणूस काय काय शिकतो, त्यात गप्प बसणं सगळ्यात लवकर शिकतो.

नदीकाठचा जिल्हा एके काळी या नकाशावर गडद तपकिरी होता. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी वाळूमाशी चावते, महिनोन् महिने ताप राहतो, प्लीहा वाढून पोट नगाऱ्यासारखं होतं, चेहरा काळवंडतो आणि माणूस खंगून मरतो, तो काळा आजार तिथे ठाण मांडून होता. मग सहा वर्षांपूर्वी तिथला रक्त तपासणारा माणूस निवृत्त झाला. त्याची खुर्ची भरली नाही. तपासायला कोणी नाही म्हणून रुग्ण सापडेना, आणि सापडेना म्हणून रकाना रिकामा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एका वर्षात जिल्हा गडद तपकिरीवरून पांढराशुभ्र झाला, आणि त्याबद्दल तेव्हाच्या साहेबांचा सत्कार झाला. नकाशा पांढरा, म्हणून पुढच्या वर्षी तिथे तपासणीच्या पट्ट्या पाठवल्या नाहीत आणि भिंतींवर फवारणीही केली नाही. औषध, पट्ट्या, पंप, सगळं नकाशा बघूनच वाटलं जायचं.

हे सगळं बाईंना ठाऊक होतं. पण ठाऊक असलेली गोष्ट सहा वर्षं पांढऱ्या रंगात बघितली, की तीही हळूहळू पांढरी होते.

धाकटा परत आला तो दोन माणसांच्या खांद्यावर हात टाकून. महिनाभर ताप होता. तिथल्या कंपाउंडरने टायफॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या संपल्या आणि ताप तसाच राहिला. गालफडं बसली होती, विजार कमरेवर थांबत नव्हती आणि पोट मात्र पुढे आलं होतं. "बघ ताई," तो म्हणाला, "शेवटी सुखवस्तू माणसासारखं पोट सुटलं मला."

बाईंनी त्याला शहरातल्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं. तपासणीच्या खोलीत एक तरुण डॉक्टर होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेली, पण कामाला चोख. तिने पोट दाबून पाहिलं, डाव्या बरगडीखाली बोटांनी मापलं, आणि विचारलं, "राहता कुठे?"

"इथेच, सरकारी वसाहतीत," बाईंनी सांगितलं. "पण वर्षभर नदीकाठी कामावर होता."

डॉक्टर खुर्चीतून वळली. तिच्या मागे भिंतीवर नकाशा टांगला होता. काळ्या आजाराचा. बाईंनी आपलं अक्षर लांबूनच ओळखलं. नदीच्या नावातली वेलांटी त्या जरा जास्त लांब काढत. डॉक्टरचं बोट नदीच्या कडेने सरकत गेलं आणि पांढऱ्यावर थांबलं.

"तिकडे नाहीये," ती स्वतःशीच म्हणाली आणि कागदावर लिहिलेला एक शब्द तिने खोडला.

आणि बाईंना हायसं वाटलं. खरोखर हायसं वाटलं. आपल्याच हाताने सोडलेल्या कोऱ्या कागदाकडे बघून त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो इतका दाट असतो.

मग इस्पितळाचं चक्र सुरू झालं. रक्तातल्या पेशी खूपच कमी होत्या. मोठ्या डॉक्टरांना रक्ताच्या कर्करोगाची शंका आली. हाडातली मज्जा काढून तपासायचं ठरलं, पण त्या तपासणीची रांग लांब होती. तोवर पेशी वाढाव्यात म्हणून कसल्याशा गोळ्या सुरू केल्या. बाई रजा टाकून वॉर्डातल्या लोखंडी स्टुलावर बसून राहिल्या. धाकट्याच्या हिरड्यांतून रक्त यायचं, ते ओल्या कापडाने पुसायच्या. अकरा दिवस असे गेले.

अकराव्या दिवशी दुपारी तो डोळे मिटूनच म्हणाला, "ताई, मावशीचं काय झालं असेल गं?"

"कुठली मावशी?"

"घरमालकीण. तिचं पण पोट असंच झालंय. ताप तर माझ्याआधीपासून. पलीकडच्या घरातला म्हातारा गेला, तोही असाच वाळून. ते म्हणतात, पाणी लागलं. मी म्हटलं, आमच्या ताईला विचारतो, तिला सगळे रोग माहीत असतात. विसरलोच."

बाई स्टुलावरून उठल्या. कर्करोग काही एका गल्लीत घरोघर फिरत नाही. एवढं कळायला नकाशेबाई असायची गरज नव्हती. त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि तडक कचेरी गाठली.

गठ्ठ्यांची खोली तळमजल्यावर होती. बाईंनी नदीकाठच्या जिल्ह्याचे सहा वर्षांचे तक्ते काढले. बहात्तर कागद. काळ्या आजाराचा रकाना बहात्तर वेळा रिकामा. कुठेही शून्य लिहिलेलं नव्हतं. शून्य बाईंनी लिहिलं होतं, बेरजेच्या वहीत, आपल्या हाताने. मग त्यांनी 'इतर' लिहिलेला गठ्ठा उघडला. कचेरीची रीतच होती की ज्या कागदावर आकडा नाही तो बेरजेला निरुपयोगी, तो 'इतर'मध्ये जायचा. त्यात तो कागद सापडला. नदीकाठच्या कंपाउंडरने चार वर्षांपूर्वी लिहिलेला, वहीचं पान फाडून: तापाचे आणि पोट फुगलेले रुग्ण पुष्कळ येतात, काळा आजार वाटतो, तपासायला पट्ट्या नाहीत, तरी पाठवाव्यात, कळावे. खाली कोपऱ्यात 'इतर' असा शेरा होता आणि शेऱ्याखाली सही होती. बाईंची.

त्या तिथेच गठ्ठ्यावर बसल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं दुसऱ्या कोणाला त्या किती सहज म्हणाल्या असत्या. रडू आलं नाही. स्वतःची किळस आली, आणि ती येत असतानाच त्यांनी घड्याळात पाहिलं आणि परत निघाल्या.

डॉक्टर वॉर्डातच होती. बाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "तुमच्या खोलीतला नकाशा चुकीचा आहे. नदीकाठी पांढरं आहे ते रोग नाही म्हणून नाही. तिथे कोणी बघितलेलंच नाही."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"नकाशा मीच रंगवलाय."

डॉक्टर रागावली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. पण तिने वेळ घालवला नाही. कुठूनतरी एक पट्टी मिळवली, धाकट्याच्या बोटातून थेंबभर रक्त काढून तिच्यावर ठेवलं. दहा मिनिटं तिघंही त्या इवल्याशा पट्टीकडे बघत बसले. एक रेघ उमटली. मग तिच्याशेजारी दुसरी.

"हाच आहे," डॉक्टर म्हणाली. "काळा आजार."

"बघ," धाकटा हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "ताईला माहीत असतात म्हटलं ना."

औषध खात्याच्या गोदामातून यायचं होतं, त्याला दोन दिवस लागले. शहर पांढऱ्यातच मोडत होतं, मग इथे साठा कशाला ठेवतील? पहिली बाटली चढली, दुसरीही चढली. तिसऱ्या दिवशी त्याला धाप लागली आणि नाकातून सुरू झालेलं रक्त थांबेना. पेशी वाढवायला दिलेल्या गोळ्यांनी अंगातली उरलीसुरली झुंजायची ताकद खाल्ली होती, असं डॉक्टरने नंतर सांगितलं. तिने काही लपवलं नाही. दुपारी सव्वातीनला धाकटा गेला. बाईंच्या मांडीवर त्याचं डोकं होतं. ते लहानपणी होतं त्याहून हलकं लागत होतं.

"पंधरा दिवस आधी कळलं असतं तर?" बाईंनी विचारलं.

डॉक्टर खाली बघत म्हणाली, "वाचला असता. बहुतेक सगळे वाचतात."

दहाव्या दिवशी बाई कामावर हजर झाल्या. घरात बसून भिंतींशी काय बोलणार? टेबलावर महिन्याचे तक्ते येऊन पडले होते. इस्पितळाच्या तक्त्यात काळ्या आजाराच्या रकान्यात एक हा आकडा होता आणि मृत्यूच्या रकान्यातही एक. पत्त्याच्या जागी बाईंचा स्वतःचा पत्ता होता, वसाहत, इमारत, दुसरा मजला.

बाई तक्ता घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने आधी उठून बसायला खुर्ची दिली, सांत्वनाचे चार शब्द बोलला. मग तक्ता वाचला.

"साहेब, हा रुग्ण नदीकाठचा धरा. रोग तिथे लागलाय."

"नियम पत्त्याचा आहे, बाई. तुम्हीच तर नव्या मुलांना शिकवता."

"तिथे एक म्हातारी आहे, तिचंही पोट तसंच आहे. अजून किती असतील. तुम्ही नुसत्या पट्ट्या पाठवा. पन्नास पाठवा. उगाच म्हणत असेन तर मला घरी बसवा."

"कशाच्या आधारावर पाठवू? नकाशात जिल्हा पांढरा आहे." हे बोलून गेल्यावर साहेबाच्याही लक्षात आलं असावं, कारण त्याने नजर खिडकीकडे वळवली. "तुम्ही टिपणी लिहून द्या. मी वर पाठवतो."

बाईंनी चार पानं टिपणी लिहिली. कंपाउंडरचं पत्र जोडलं, बहात्तर रिकाम्या रकान्यांबद्दल लिहिलं, स्वतःच्या सहीबद्दलही लिहिलं, काही झाकलं नाही. टिपणी वर गेली. आठवड्याने खाली आली. वरच्यांनी विचारलं होतं, रुग्णसंख्या किती? संख्या कुठून आणणार? टपाल लावणाऱ्या नव्या मुलीने टिपणी उलटून पाहिली आणि आकडा न दिसल्यामुळे, बाईंनीच शिकवल्याप्रमाणे, ती 'इतर'मध्ये ठेवली.

सुधारित नकाशा छापखान्यात द्यायची तारीख आली. बाईंनी बशीत तपकिरी रंग कालवला. नदीकाठ रंगवला तर साहेब तक्त्याशी ताडून बघणार, नकाशा परत येणार आणि पत्ता जुळत नाही म्हणून धाकट्याची नोंदच रद्द होणार. तेवढं त्यांच्याने सोसलं नसतं. निदान तो एक तरी कुठे दिसावा. त्यांनी नकाशावर आपलं शहर शोधलं. नखाएवढी जागा होती ती. ब्रश टेकवला.

तीन आठवड्यांनी, सकाळी त्या आंघोळ करून केस पुसत असताना दारावर थाप पडली. बाहेर तीन माणसं होती. दोघांच्या पाठीवर फवारणीचे पंप, आणि पुढे खाकी पिशवी लटकवलेला मुकादम.

"काळ्या आजाराचा रुग्ण याच पत्त्यावर निघालाय ना? सगळ्या इमारतीच्या भिंती फवारायच्या आहेत. सुरुवात तुमच्यापासून."

बाई दारातच उभ्या राहिल्या. मागे घरातल्या भिंती ऑइलपेंटच्या होत्या, गुळगुळीत, भेग म्हणून नव्हती. या भिंतींत वाळूमाशी सापडली असती तर तिचा सत्कारच करावा लागला असता. साप साप म्हणून भुई धोपटायला माणसं दोन जिने चढून आली होती.

"आजारी माणूस झोपायचा कुठे?" मुकादमाने विचारलं.

"तो इथे झोपतच नव्हता," बाई म्हणाल्या. "वर्षभर नदीकाठी होता, मातीच्या घरात. तिथे जा. तिथे माणसं मरताहेत. त्या घरात एक म्हातारी आहे, तिला ताप आहे. तिथे मारा हे औषध, इथे का मारताय?" त्यांचा आवाज चढला होता. समोरचं दार किलकिलं झालं.

"तिकडे काही नाही, बाई." मुकादम समजावणीच्या सुरात बोलला, दुःखात माणसं काहीबाही बोलतात, याची त्याला सवय असावी. त्याने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि उलगडून त्यांच्यासमोर धरला. "हा बघा, नवाच आलाय. नदीकाठ सगळा पांढरा. हा एवढासा ठिपका आहे ना, हे तुमचं घर."

"हा नकाशा मी काढलाय," बाई म्हणाल्या.

मुकादमाचा चेहरा खुलला. "अहो, मग तुम्हाला मी काय सांगायचं!" तो म्हणाला आणि पंपवाल्यांना आत यायची खूण केली. आतल्या खोलीत धाकट्याची खाट भिंतीला लावलेली होती. "तेवढी खाट पुढे घ्यावी लागेल, बाई. भिंत मोकळी लागते."

बाईंनी खाटेचं एक टोक धरलं, त्याने दुसरं, आणि दोघांनी ती पुढे ओढली.